रक्तदाब : दुखत नाही, म्हणूनच मोजायचा



बियाणे, खते, फवारणी, जनावरांची निगा यांच्या गोष्टी आपण नेहमीच करतो. या पत्रकात मात्र शेताच्या मालकाविषयी आणि मालकिणीविषयी बोलायचे आहे. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. मोटारीचा आवाज बदलला तर हातातले काम टाकून विहिरीवर धावतो. पण आपल्याच छातीतला पंप किती दाबाने चालला आहे, हे कित्येकांनी जन्मात एकदाही बघितलेले नसते. का? तर काही दुखत नाही म्हणून!

इथेच सगळी गफलत होते. वाढलेला रक्तदाब, म्हणजे ज्याला आपण नुसतंच ‘बीपी’ म्हणतो तो, बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, ताप आणत नाही. तो गुपचूप आपले काम करीत राहतो.

तात्यांची गोष्ट

एका बागायतदारांची गोष्ट सांगतो. आपण त्यांना तात्या म्हणू. असे तात्या गावोगावी भेटतात. वय छप्पन्न, अंगकाठी दणकट, पहाटे चारला उठून धारा काढणारा माणूस. गावातल्या देवळात तपासणीचे शिबिर होते. चला, फुकट आहे तर बघू, म्हणून तात्यांनी हात पुढे केला. आकडा आला १७२ / १०४.

तात्या हसले. म्हणाले, “मशीन बिघडलंय डॉक्टर तुमचं. मला तर काहीच होत नाही!”

डॉक्टरांनी थोड्या वेळाने पुन्हा मोजला, आठ दिवसांनी आणखी एकदा मोजला. आकडा तसाच. रोज एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी आकडा १३० / ८० वर आला. तात्यांनी घरी येऊन सांगितले, “झालो बरा!” आणि गोळी बंद केली. पुढे सुगी आली, दिवाळी आली, उसाला तोड आली. बीपीची आठवणही राहिली नाही.

एके दिवशी पहाटे गोठ्यात धार काढताना तात्यांच्या उजव्या हातातून चरवी सुटली. उचलायला गेले तर हात उचलेना. हाक मारायला गेले तर शब्द फुटेना. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. घरच्यांनी घाबरून हाताला तेल चोळले, कुणी कांदा हुंगवला, कुणी म्हणाले जरा पडू द्या, बरं वाटेल. उजाडले, ऊन चढले, मग गाडीची सोय झाली. तालुक्याला पोहोचेस्तोवर दुपार झाली होती.

तात्या वाचले. पण उजवा हात गेला तो गेलाच. बोलणे अजून अडखळते. धारा आता काकू काढतात.

या गोष्टीत दोन चुका आहेत. आकडा खाली आला म्हणून गोळी सोडली, ही पहिली. लकवा झाल्यावर वेळ दवडला, ही दुसरी. दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी आधी हा दाब म्हणजे काय, ते समजून घेऊ.

अंगातला पंप आणि पाइपलाइन

विहिरीवरची मोटार, तिथून निघालेली पाइपलाइन आणि शेवटी ठिबकच्या बारीक नळ्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपल्या अंगातही अशीच रचना आहे. हृदय हा पंप. तो मिनिटाला साधारण सत्तर वेळा ठोके देतो आणि दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतो. दिवसाचा हिशेब केला तर ७,००० लिटर झाले! मोठ्या रक्तवाहिन्या ही मुख्य लाइन आणि मेंदू, डोळे, मूत्रपिंड यांच्यातल्या केसाहूनही बारीक वाहिन्या म्हणजे ठिबकच्या नळ्या समजा.

वाहते रक्त वाहिनीच्या भिंतीवर जो दाब देते, तोच रक्तदाब. तो हवाच. दाबच नसेल तर शेवटच्या झाडाला पाणी पोहोचायचे नाही. प्रश्न आहे तो जास्तीच्या दाबाचा.

रक्तदाबाचे दोन आकडे सांगतात. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते, तेव्हाचा दाब हा वरचा आकडा. हृदय सैल पडून पुन्हा भरते, तेव्हाचा दाब हा खालचा आकडा. हे आकडे पाऱ्याच्या उंचीवर ठरलेले आहेत. १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा वर चढेल इतका दाब. पारा पाण्याच्या साडेतेरा पटीहून थोडा जड. तेव्हा मोटारीच्या भाषेत बोलायचे तर १२० चा दाब म्हणजे सुमारे १.६ मीटरचा हेड. तोच १८० झाला की हेड जवळजवळ अडीच मीटरवर गेला. पंप तोच, पाइप तेच, पण काम दीडपट! आणि हे रात्रंदिवस, वर्षानुवर्षे.

मग काय होते? पंप थकतो, म्हणजे हृदय आधी जाड आणि पुढे दुबळे होते. पाइप कडक होतात, आतून खरवडतात, त्यात कीटण साचते. ते हृदयाच्या वाहिनीत साचून अडले तर हृदयविकाराचा झटका. मेंदूची वाहिनी अडली किंवा फुटली तर पक्षाघात, म्हणजे आपला लकवा. मूत्रपिंडाची गाळणी हळूहळू निकामी होते आणि माणूस डायलिसिसपर्यंत जातो. डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरते आणि नजर जाते. ठिबकच्या लाइनला दाब जास्त झाला तर नळी कुठे फुटली ते तरी दिसते. इथे फुटेपर्यंत काही दिसत नाही.

किती म्हणजे जास्त?

मोठ्या माणसाचा रक्तदाब १२० / ८० च्या खाली असला तर उत्तम. वरचा आकडा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल तर बांधावर आलात असे समजा. मीठ, वजन, तंबाखू सांभाळा आणि वर्षातून निदान एकदा मोजत राहा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त येत असेल, तर तो उच्च रक्तदाब. दोन्हींपैकी एक जरी वाढलेला असला तरी तो वाढलेलाच. घरी शांतपणे मोजला असेल तर १३५ / ८५ हीच हद्द धरावी.

१८० / ११० किंवा त्याहून जास्त आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. त्याबरोबर छातीत दुखणे, दम लागणे, नजर धूसर होणे, हातपाय लुळे पडणे असे काही असेल, तर एक क्षणही घालवू नये.

हा आजार शहरातल्या, खुर्चीवर बसणाऱ्या लोकांचा, असे कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरील पुरुषांपैकी शंभरात २४ आणि स्त्रियांपैकी शंभरात २१ जणांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे पारावर दहा माणसे बसली असतील तर त्यांतले दोन-तीन जण या हिशेबात आले. तीस वर्षे ओलांडलेल्या प्रत्येकाने, बाई असो की बुवा, वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा.

मोजायची रीत

चुकीच्या रीतीने मोजला तर आकडाही चुकीचाच येणार. सायकल हाणत आलात, चहा प्यायलात, तंबाखूचा बार भरलात आणि हात पुढे केलात, तर आकडा वर जाणारच. म्हणून हे लक्षात ठेवा :

– मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको.
– लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे.
– पाच मिनिटे शांत बसावे. पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही.
– हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवावा. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवरून नाही.
– मोजताना बोलू नये, हसू नये.
– एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

घरासाठी यंत्र घ्यायचे तर दंडाला बांधायचे घ्यावे. मनगटाची आणि बोटाची यंत्रे तितकी भरवशाची नसतात. वर्षातून एकदा ते केंद्रावर नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावे, जसा आपण वजनकाटा ताडून घेतो.

कशाने वाढतो?

बहुतेकांच्या बाबतीत बोट दाखवावे असे एकच कारण सापडत नाही. वाढते वय, आईवडिलांना असलेला रक्तदाब, जादा मीठ, वाढलेले वजन, तंबाखू, दारू, कमी झोप अशी सगळी मिळून ही मोळी बांधली जाते. ऐन तरुणपणीच दाब फार वाढला असेल, तर मात्र मूत्रपिंडाचा किंवा ग्रंथींचा काही विकार आहे का, हे डॉक्टर तपासतात.

“पण आम्ही तर दिवसभर राबतो,” असे कुणी म्हणेल. खरे आहे, शेतीत कष्ट आहेत. पण जरा मागे वळून बघा. नांगरट ट्रॅक्टरवर गेली, मळ्यात जायला मोटारसायकल आली, मोटार चालू करायला मोबाइल आला. चालणे आपल्या नकळत कमी झाले, ताटातली भाकरी आणि मीठ तेवढेच राहिले. शिवाय जिथे अजून रात्रीच्या विजेवर पाणी धरावे लागते, तिथे झोपेचे खोबरे होते. सततची अपुरी झोपही दाब वाढवते. रात्री दारे धरली असतील तर दिवसा तेवढी झोप भरून काढावी. त्याला आळस म्हणू नये.

आणखी एक कारण आपल्या गावात फार आहे आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही. कंबर दुखली, गुडघा धरला की दुकानातून वेदनेची गोळी आणून खायची, तीही रोज! अशा बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडालाही इजा होते. रक्तदाब असलेल्यांनी वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनीही सावध असावे. तो जास्त प्रमाणात सतत पोटात गेला तर दाब वाढतो.

मिठाचा हिशेब

आता स्वयंपाकघराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. ५ ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून! मीठ अंगात पाणी धरून ठेवते. पाइपातले पाणी वाढले की दाब वाढणारच.

“आम्ही मोजून थोडंच घालतो?” असे बायाबापड्या म्हणतील. बरोबर आहे. म्हणून एक सोपी युक्ती सांगतो. घरात पाच मोठी माणसे असतील तर दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम मीठ हवे. म्हणजे एक किलोची पिशवी निदान चाळीस दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला. वीस दिवसांत संपली तर दुप्पट मीठ पोटात चालले आहे, असे समजा. गुरांचे मीठ आणि लोणच्या-पापडासाठी लागणारे मीठ वेगळे ठेवा, नाहीतर हिशेब चुकेल. विकतच्या पदार्थांतले मीठ या पिशवीत दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मीठ एकदम तोडू नका, घरातले लोक जेवायचे नाहीत. दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करा. महिना-दोन महिन्यांत जिभेला सवय होते. भाकरीच्या पिठात मीठ नको. ताटात डाव्या बाजूला वाढलेले मीठ नको. ताकात मिठाऐवजी जिरेपूड, कोथिंबीर घाला. आमटीला चिंच, आमसूल, लिंबू घातले की मीठ कमी पडल्याचे कळतही नाही. लोणचे, पापड, सांडगे, खारवलेली सुकी मासळी, फरसाण, वेफर्स, खारी हे रोजचे नको, सणावाराला पुरे. ठेचा सोडवत नसेल तर निदान त्यातले मीठ निम्मे करा.

लोकांत दोन समजुती फार आहेत. एक म्हणजे सैंधव किंवा काळे मीठ चालते. चालत नाही. त्यातही मुख्य भाग तोच असतो. दुसरी म्हणजे मीठ भाजून घेतले की बाधत नाही. तेही खरे नाही. मीठ भाजले तरी मीठच राहते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. ज्यांच्या मूत्रपिंडात दोष आहे किंवा ज्यांना काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांना ते धोक्याचे ठरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे.

मिठाबरोबर बाकीचेही सांभाळायला हवे. पालेभाजी, शेंगभाजी, कडधान्ये, परसातली फळे जास्त खावीत. तेल-तूप बेताने. वाढलेले वजन एक किलोने उतरले की वरचा आकडाही साधारण एकाने उतरतो. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी यांनी दाब तात्पुरता चढतो आणि रक्तवाहिन्यांचे कायमचे नुकसान होते. दारू जितकी कमी तितके बरे, नसेल तर सर्वांत बरे.

गोळी : रोजची आणि कायमची

सगळे पथ्य पाळूनही पुष्कळांना गोळी लागते. त्यात लाज नाही. कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची चिठ्ठी घेऊन दुकानात जायचे नाही. गर्भवतीने तर मुळीच नाही, कारण काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात. गरोदरपणात प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजून घ्यावा. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर आणि हातावर सूज, अशी चिन्हे दिसली तर ताबडतोब दवाखाना गाठावा. तिथे दोन जिवांचा प्रश्न आहे.

आता तात्यांच्या पहिल्या चुकीकडे येऊ. “आकडा १३० झाला, मग गोळी कशाला?” अहो, आकडा १३० झाला तो गोळीमुळेच! ओढ्याला बांध घातला म्हणून माती वाहून जायची थांबली. माती थांबली म्हणून आपण बांध काढून टाकतो का? गोळी सोडली की काही दिवसांत दाब पुन्हा होता तिथे जातो. बरे, आपल्याला ते कळतही नाही, कारण दुखत नाही!

“गोळीची सवय लागते” असेही म्हणतात. ही सवय नव्हे, गरज आहे. रोज जेवतो त्याला आपण व्यसन म्हणत नाही. गोळीने पायावर सूज आली, कोरडा खोकला लागला, उठताना चक्कर आली, तर डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलून देतात. परस्पर बंद करू नये. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. जुलाब-उलट्या लागल्या किंवा उन्हाने अंगातले पाणी आटले, तर भरपूर पाणी, साखर-मिठाचे योग्य प्रमाणातले पाणी घ्यावे. पण अशा वेळी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, म्हणून केंद्रावर विचारून घ्यावे.

गोळीचा फायदा किती? वरचा आकडा नुसता दहाने खाली आला, तरी पक्षाघाताचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. एका गोळीच्या मानाने हा सौदा काही वाईट नाही.

सर्पगंधेविषयीही पत्रातून विचारणा होते. ही आपल्याकडची जुनी औषधी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिच्या मुळीचा उपयोग होतो, हे रुग्णांवर पाहून १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यामुळे जगाचे लक्ष तिच्याकडे गेले आणि १९५२ साली तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण म्हणून मुळी उगाळून घेऊ नका! तिच्यातले औषध जहाल आहे. प्रत्येक मुळीत ते किती आहे, हे घरी कळत नाही. जास्त झाले तर दाब एकदम पडतो, मन खचून जाते. आज त्याहून सुरक्षित गोळ्या मिळतात. लसूण, मेथी, शेवगा हे जेवणात जरूर असावेत, पण गोळीच्या जागी नव्हे.

गोळी मिळते कुठे?

गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोफत मोजतात. औषधेही मोफत देण्याची तरतूद आहे. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्याच्या पहिल्या टप्प्यात होते. साधी ठरलेली औषधे, गावाजवळ मिळणाऱ्या महिन्याच्या गोळ्या आणि प्रत्येकाची नोंद, हे त्याचे सूत्र. जो महिन्याला फिरकला नाही, त्याला आरोग्य कर्मचारी आठवण करतात. आशाताई दारात आल्या तर “मला काही झालं नाही” म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्या त्यासाठीच आल्या आहेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या मंडळींना वेगळे सांगणे आहे. चार-पाच महिने गाव सुटते आणि गोळीही सुटते. निघण्यापूर्वी केंद्रावर जाऊन दाब मोजून घ्या, जमतील तेवढ्या गोळ्या बरोबर मागून घ्या. तपासणीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या डब्यात ठेवा. कारखान्याच्या जवळच्या सरकारी केंद्रावर ते कार्ड दाखवले की तिथल्या डॉक्टरांना पुढचे समजते.

चक्कर आली की ‘लो बीपी’?

शेतात कुणाला चक्कर आली की लगेच म्हणतात, “बीपी लो झाला, मीठ चाटवा, लोणचं द्या!” थांबा. चक्कर उपासाने येते, उन्हाने येते, साखर कमी झाल्याने येते आणि दाब वाढल्यानेही येऊ शकते. आधी सावलीत आडवे करा, शुद्धीवर असेल तर पाणी द्या आणि दाब मोजून घ्या. न मोजता मीठ देणे म्हणजे माती न तपासता खताचे पोते ओतण्यासारखे आहे.

लकवा ओळखा, वेळ वाचवा

आता तात्यांची दुसरी चूक. पक्षाघात ओळखायला तीन गोष्टी बघा. हसायला सांगा : तोंड वाकडे होते का? दोन्ही हात समोर धरायला सांगा : एक हात खाली येतो का? साधे वाक्य बोलायला सांगा : जीभ अडखळते का? यांतले एक जरी अचानक झाले असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

वाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन असते. पण ते सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि जितके लवकर तितके चांगले. त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. म्हणून स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. वाटेत लहान-मोठ्या दवाखान्यांत थांबून वेळ घालवू नये. त्रास किती वाजता सुरू झाला, ते घड्याळात बघून ठेवा, डॉक्टर हेच पहिल्यांदा विचारतात.

तेल चोळू नका. तोंडात पाणी, चहा, औषध घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका, दाब एकदम पडला तर मेंदूचे नुकसान वाढते. एका कुशीवर निजवा आणि गाडी काढा.

थोडक्यात, भिंतीवर लावण्यासाठी

१. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजा.
२. १४० / ९० ही लक्ष्मणरेषा.
३. पाच मोठ्या माणसांत किलोभर मीठ चाळीस दिवस.
४. तंबाखू, मशेरी, दारू सोडा. रोज चाला, पुरेसे झोपा.
५. वेदनेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.
६. आकडा उतरला तरी गोळी चालू. बदल फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून.
७. तोंड, हात, बोलणे बिघडले तर १०८, ताबडतोब.

जाता जाता काकूंची गोष्ट सांगतो. तात्यांच्या आजारपणात दवाखान्यात बसल्या बसल्या नर्सबाईंनी त्यांचाही दाब मोजला. १५८ / ९६ निघाला. काकूंनाही काहीच होत नव्हते! आता त्यांच्या घरी दुधाच्या हिशेबाचे कॅलेंडर भिंतीवर आहे. सकाळचे दूध, संध्याकाळचे दूध, आणि खाली गोळी घेतल्याची एक बारीक खूण, दोघांसाठी दोन. महिन्याला केंद्रावर जातात, तिथला आकडा त्याच चौकटीत लिहितात. गेल्या महिन्याचा काकूंचा आकडा आहे १२८ / ७८. गोळी चालू आहे.

मंडळी, दुधाचा हिशेब आपण थेंबाथेंबाने ठेवतो. दोन आकड्यांचा हाही ठेवा. पत्रक वाचून झाले की घडी करून ठेवू नका. या आठवड्यात केंद्रावर जा, एकटे नका जाऊ, घरधनिणीला बरोबर न्या.

रामराम!